महाविद्यालयीन लैंगिक छळाची आकडेवारी (अहिल्यानगर जिल्हा)

प्रवेश घेताना महाविद्यालयाची सुरक्षितता जोखण्यासाठी पालक व विद्यार्थिनी ज्या नोंदी पाहतात, त्या नोंदी आणि त्यांचे वाचन. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे जिल्हा व कलमांनुसार असतात. त्यातून अमुक एका महाविद्यालयाविषयी काही कळत नाही.

महाविद्यालयाचा स्वतःचा आकडा येतो तो अंतर्गत तक्रार समितीकडून. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालावरून गावोगाव आजही तिला ‘विशाखा समिती’ म्हणतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २ मे २०१६ रोजी अधिसूचित झालेले विनियम यांमुळे ती प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेला बंधनकारक आहे; किती तक्रारी आल्या व किती निकाली निघाल्या, हे दरवर्षी आयोगाला कळवावे लागते. पालकाच्या हाती लागू शकतो तो महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठीचा वार्षिक गुणवत्ता अहवाल. संकेतस्थळावरच्या या अहवालात विद्यार्थ्यांच्या तक्रारी, रॅगिंग व लैंगिक छळ हे सगळे एकाच रकान्यात बसवलेले असते. तिथला ‘३’ हा आकडा वसतिगृहातल्या पाण्याविषयीचाही असू शकतो.

बहुतेक ठिकाणी त्या रकान्यात शून्य भेटते आणि आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. इथेच चूक होते. अमेरिकेत १९९० च्या क्लेरी कायद्याने महाविद्यालयांना असे आकडे जाहीर करावेच लागतात; तिथेही २०१५ साठी ८९ टक्के परिसरांनी बलात्काराची एकही तक्रार नसल्याचे कळवले. त्याच वर्षी २७ विद्यापीठांत विद्यार्थ्यांना थेट विचारले, तेव्हा पदवीच्या सुमारे २३ टक्के मुलींनी नको असलेल्या लैंगिक स्पर्शाचा वा त्याहून गंभीर अनुभव सांगितला. (उत्तरे दिली ती पाचांपैकी जेमतेम एकाने, हेही लक्षात घ्यावे.) आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तक्रारी अधिक दिसत, कारण १९९९ पासून तिथे मुलींना माहीत असलेली, विद्यार्थी प्रतिनिधी असलेली समिती होती. जिथे दार उघडे, तिथे तक्रार पोचते. शून्य म्हणजे कोणी बोलले नाही, एवढाच अर्थ खात्रीने निघतो.

या आकड्यांची दुसरी मर्यादा महाविद्यालयाच्या फाटकाची. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अनेक मुली रोज एस.टी.ने ये-जा करतात. विनियमांत ‘परिसर’ या शब्दात वसतिगृह, उपाहारगृह, सहल, क्षेत्रभेट व संस्थेने पुरवलेली बस येते, एस.टी. स्थानक आणि फाट्यापासून घरापर्यंतची वाट येत नाही. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डीत बलात्कार व हत्येला बळी पडलेली मुलगी शाळकरी होती. गुन्हा गावात घडला, म्हणून शिक्षणसंस्थांच्या कोणत्याही अहवालात तो येत नाही.

म्हणून आकड्याआधी महाविद्यालयातला समितीचा फलक वाचावा. समितीची नावे व फोन क्रमांक ताजे आहेत का? बाहेरची सदस्य कोण? विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणासाठी निवडून आलेले तीन विद्यार्थी आहेत का? विभागप्रमुखाचे नाव असेल, तर तो विनियमांचा भंग आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समितीचा तपशील संकेतस्थळावर ठेवण्यास सांगितले. तक्रारीची मुदत तीन महिने, चौकशीची ९० दिवस. हे पहिल्या वर्षाच्या मुलीला तिथे कोणी सांगितले आहे का, ते तिलाच विचारावे.

कार्यालयात विचारल्यावर ‘गोपनीय आहे’ असे उत्तर मिळते. २०१३ च्या कायद्याचे कलम १६ नाव, पत्ता आणि चौकशीचा तपशील उघड करण्यास मनाई करते. ओळख उघड न करता न्याय मिळाल्याची माहिती देण्यास तेच कलम मोकळीक देते.