खिशांतील गाण्याचा हिशेब

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. १८७७ सालीं एडिसननें त्या कंपनाची रेघ सुईनें कथिलाच्या वर्खावर उमटविली, आणि मनुष्याचा आवाज यंत्रांतून परत ऐकूं आला. ग्रामोफोनच्या तबकडीचें तत्त्वहि हेंच. रेघ झिजली कीं गाणेंहि झिजे.

१९३७ सालीं ॲलेक रीव्हज ह्या इंग्रज यंत्रविशारदानें पॅरिस येथें दूरध्वनीसाठीं निराळी युक्ति शोधली. कंपनाची रेघ न जपतां तिची उंची क्षणोक्षणीं मोजावी व केवळ आकडे पाठवावेत, ही ती युक्ति. १९८२ सालीं निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें ती संगीतास लावून घरोघर नेली. ह्या तबकडींत डाव्या व उजव्या कानासाठीं वेगवेगळी, सेकंदास ४४,१०० वेळां मोजणी असते. ह्या हिशेबानें तीन मिनिटांच्या एका गाण्यास ३ कोटि १७ लक्षांहून अधिक बाइट लागतात.

१९९८ सालीं दक्षिण कोरियांतील सेहान कंपनीनें ‘एम्पीमॅन’ हें खिशांत मावणारें यंत्र विक्रीस काढलें. त्याची स्मृति ३२ मेगाबाइट, म्हणजे असें एकच गाणें मावेल एवढी. तरीहि त्यांत सुमारें अर्ध्या तासाचें संगीत राही. हें साधलें कसें?

नगारखान्यांत टिमकी ऐकूं येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. मोठा स्वर जवळच्या लहान स्वरास झांकून टाकतो. मग जो स्वर कानास ऐकूंच येणार नाहीं, त्याचे आकडे जपावे कशास? जर्मनींत एर्लांगेन येथें कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्याच विचारावर एम्पीथ्रीची रीत बसविली. आकड्यांचा ढीग सुमारें अकराव्या हिश्श्यावर आला.

परंतु कान सहजासहजीं फसत नाहीं. सुझान व्हेगा हिचें ‘टॉम्स डायनर’ हें गाणें वाद्यांच्या साथीवांचून गाइलेलें आहे. त्यावर ही रीत चालवितांच आवाज विद्रूप झाला. दोष झांकण्यास वाद्यांचा गजरच नव्हता. तें गाणें पुनःपुनः ऐकून ब्रांडेनबुर्ग ह्यांनीं रीत सुधारली.

यंत्रांतील स्मृतीचे सूक्ष्म कप्पे विद्युत्भार धरून ठेवतात. वीज बंद झाली तरी तो सोडीत नाहींत. गाणें लावतांच चिप ते आकडे उलगडते, त्यांचे विजेचे चढउतार होतात, इअरफोनचा पडदा थरथरतो आणि पुन्हां हवेचें कंपन उत्पन्न होतें.

२००१ सालीं आलेल्या आयपॉडनें हजार गाणीं खिशांत घातलीं. २०२२ सालीं त्याचें उत्पादन थांबलें, व तें काम मोबाइल फोनकडे गेलें. गाळण्याची रीत मात्र मागें राहिली.

ग्रामोफोनच्या आरंभकाळीं हिंदुस्थानांतील गवयांस दीर्घ ख्याल तीन-चार मिनिटांत बसवावा लागे. पण काय गाळावें, हें गवई स्वतः ठरवी. आतां तो निर्णय गणिताकडे आला आहे, आणि एकदां गाळलेले आकडे कोणत्याहि उपायानें परत मिळत नाहींत. प्रवासांत ऐकण्यास लहान प्रत पुरेशी आहे. पुढील पिढ्यांसाठीं गाणें जपावयाचें असेल, तर मात्र सगळे आकडे जपले पाहिजेत.