लाखोरी आणि खंज

भंडाऱ्याच्या बांधीत धान उभे असतानाच ओलीवर लाखोरी या कडधान्याचे बी फेकतात. तिचे संस्कृत नाव त्रिपुट. ती माणसाला 'खंज', म्हणजे लंगडा करते, असे सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'ने बजावले होते. इटलीत डॉक्टर कांतानी यांनी १८७३ मध्ये याच पांगळेपणाला वनस्पतीच्या ग्रीक नावावरून 'लॅथिरिझम' म्हटले. त्यामागचे विष, ओडॅप, १९६४ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. ते मेंदूतल्या ग्लुटामेटचे सोंग घेऊन चेतापेशींच्या ग्राहींवर बसते. पेशी अतिउत्तेजित होऊन मरतात, पाय कायमचे आखडतात. पण माणसे पांगळी झाली ती दुष्काळात, महिनोन्महिने हीच डाळ ताटात उरली तेव्हा. माझ्या मते खरा दोष उपासमारीचा. डाळ भिजवून, उकळून पाणी फेकले की विष बरेच उतरते.