चितगावच्या डोंगरांतला जमीन-करार

बांगलादेशच्या आग्नेयेला चितगावचा डोंगराळ मुलूख आहे. तिथले चकमा, मर्मा हे आपले धम्मबांधव. 1962 साली कर्णफुली नदीवरचं काप्ताई धरण भरलं आणि सुमारे 54,000 एकर शेती पाण्याखाली गेली. जवळपास एक लाख माणसं बेघर झाली. पुढे 1979 पासून सरकारने मैदानी भागातले भूमिहीन बंगाली आणून तिथे वसवले. तेही गरीबच होते, हे विसरू नये. पण सरकारी कागद त्यांच्या हाती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट डोंगरी माणसाची. तंटा पेटायला आणखी काय लागतं? शांतिबाहिनीने तर आधीच हत्यार उचललं होतं.

2 डिसेंबर 1997 रोजी ढाक्याला करार झाला. संतू लारमांच्या जनसंहती समितीने स्वायत्त प्रांताची मागणी सोडली, हत्यारं खाली ठेवायचं कबूल केलं. सरकारने प्रादेशिक परिषद दिली आणि जमिनीचे तंटे सोडवायला आयोग मान्य केला. दोघांनीही काही सोडलं.

घोडं अडलं ते आयोगात. सदस्यांचं एकमत झालं नाही तर अध्यक्षाचाच शब्द अखेरचा, असं 2001 च्या कायद्याने ठरवलं. अध्यक्ष म्हणजे सरकारने नेमलेला निवृत्त न्यायाधीश. मग डोंगरी प्रतिनिधींनी बैठकीत बसून करायचं काय? बोलण्यात जे दिलं ते एका कलमाने काढून घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे. अध्यक्षासह बहुमताने निर्णय, ही दुरुस्ती 2016 मध्ये झाली. तोवर आयोगाने एकही तंटा निकाली काढला नव्हता. हत्यारं मात्र 1998 सालीच जमा झाली होती.