अमल, मिककार्ब आणि हवेचा हिशेब

1955 साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडमधल्या रेडिचहून येणाऱ्या सुट्या भागांतून बुलेट मोटरसायकली जोडल्या जाऊ लागल्या. गाडीसोबत हवा आणि पेट्रोल मिसळणारा अमलचा कार्बोरेटरही आला. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन ब्रिटिश कार्बोरेटरवाले 1927 मध्ये एकत्र आले, त्यातून बर्मिंगहॅमची ही कंपनी निघाली होती. अमलवर टिकलर नावाचं छोटं बटण असे. सकाळी गार गाडीला किक मारायच्या आधी पेट्रोल बोटाला लागेपर्यंत तो दाबायचा, हे बुलेटवाल्याच्या पहिल्या धड्यांपैकी एक.

त्या काळच्या गॅरेजात कार्बोरेटर उघडला की निदान ठरलेलं असे: ‘कचरा आलाय.’ बहुतेकदा ते खरंही निघे. टाकीतला गंज आणि पेट्रोलमधला गाळ फ्लोटच्या बाउलमध्ये बसायचा, तिथून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकायचा. मग क्लच वायरची एक तार सुटी करून जेटमध्ये फिरवली जाई. गाडी लगेच सुरू व्हायची आणि गिऱ्हाईक खूश. पण जेट पितळेचा, तार पोलादी. चार-सहा वेळा असं झालं की भोक वाढायचं, पेट्रोल जास्त यायला लागायचं आणि प्लग सारखा काळा पडायचा. चांगले मेस्त्री म्हणून जेटला तार लावू देत नसत. पेट्रोलमध्ये बुडवून हवा मारली की काम भागतं, असं त्यांचं म्हणणं.

खरं अवघड दुखणं मात्र हवेचं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. एवढी हवा ज्या वाटेने आत येते तिथे केसाएवढी फट पडली तरी सगळा हिशेब चुकतो. अमलचं शरीर आणि आतला सरकणारा पिस्टन जस्ताच्या मऊ मिश्रधातूचे. वर्षानुवर्षं घासून दोन्ही सैल होत आणि त्या फटीतून हवा ओढली जाई. नट जोर लावून आवळले तर इंजिनाला बसणारी फ्लँज वाकायची. मग ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नसे, नाहीतर सिग्नलला गाडी आपोआप बंद पडे. जेट कितीही साफ करा, फरक शून्य.

ही फट डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायची रीत साधी होती. इंजिन चालू ठेवून जोडाभोवती कुप्पीने ऑइलचे थेंब सोडायचे. ऑइलने फट क्षणभर बुजली की आवाज बदलतो. दोष सापडला की कार्बोरेटर काढून, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज गोल गोल घासायची. सगळ्या तोंडावर सारखी चकाकी आली की नवं पॅकिंग घालून नट आलटूनपालटून, बेताने आवळायचे. या कामात घाई करणारा माणूस पुन्हा तिथेच यायचा.

पुढे बुलेटवर जपानी मिकुनी धाटणीचा मिककार्ब कार्बोरेटर आला, टिकलर गेला, चोक आला. हवेचा स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड आटे बाहेर सोडायचा आणि तिथून कानाने ट्यूनिंग करायचं, ही रीत रुळली. 1985 मध्ये आलेल्या यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स 100 वर तरुणांनी आवाजासाठी एअर फिल्टरच काढून टाकले. जेट तोच आणि हवा मात्र जास्त, म्हणजे मिश्रण पातळ. प्लग पांढरा, इंजिन तापलेलं आणि शेवटी त्याचा पिस्टन जाम. धूळ आत जाऊन सिलिंडर घासायचा तो वेगळाच. टू-स्ट्रोकवर एवढा अन्याय क्वचितच कुणी केला असेल.

लेहला याच्या उलट घडे. साडेतीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तीस टक्के विरळ. पुण्या-मुंबईत ट्यून केलेल्या बुलेटला तिथे पेट्रोल जास्त व्हायचं, गाडी धूर सोडायची, चढ नाकारायची. जाणकार कार्बोरेटरच्या पिस्टनला लावलेल्या नीडलची क्लिप वरच्या खाचेत सरकवत, म्हणजे नीडल खाली बसून पेट्रोल कमी होई. आणि परत खाली उतरल्यावर ती आठवणीने पूर्ववत करत.

कार्बोरेटरचा चिवटपणा पुण्याच्या बजाजनेही पाहिला. 2007 मध्ये पल्सर 220 फ्युएल इंजेक्शनसह बाजारात आली. 2009 मध्ये त्याच गाडीला पुन्हा कार्बोरेटर बसला. अखेर 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 चे प्रदूषण-नियम लागू झाले आणि बुलेटसकट बहुतेक नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर उतरला.

जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यासमोर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल ओलावा ओढतं, जुनं रबर आणि धातू त्याला नीट टिकत नाहीत. त्यामुळे फ्लोटची नीडल, ओ-रिंग, पेट्रोलचा पाइप हे भाग आता लवकर बदलावे लागतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे बाउल रिकामा होतो आणि आत काही साचत नाही.