विजयाची पाटी आल्यावर

वर्गातली मुलं विचारतात, "सर, साम्राज्य उभारायचा गेम पहिल्यांदाच खेळायचा, तर कोणता घ्यावा?" मी १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स २' सांगतो. त्यातली विल्यम वॉलेसची मोहीम नवख्यांसाठीच आहे. माणसं हलवणं, अन्न-लाकूड गोळा करणं, मग लढणं, असं ती पायरीपायरीने शिकवते. ती जमली की सलाहुद्दीन अय्यूबीची मोहीम खेळा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गेममध्ये शत्रू हरला की विजयाची पाटी येते आणि सगळं संपतं. जेरुसलेममध्ये खरा प्रश्न तिथूनच सुरू झाला. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी शहर जिंकलं, तेव्हा मोठी कत्तल झाली होती. २ ऑक्टोबर ११८७ रोजी सलाहुद्दीनने ते परत घेतलं, तेव्हा कत्तल झाली नाही. सुटकेची रक्कम ठरली: पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५. त्याचा भाऊ अल-आदिल याने हजार गरीब मागून घेतले आणि सोडून दिले. तरीही पैसे भरू न शकलेले हजारो लोक गुलाम झाले. अभिमानाने पहिली गोष्ट सांगताना ही दुसरी आपण लपवू नये.

गेम जरूर जिंका. पण पाटी आल्यावर एकदा विचारा, हरलेल्यांचं पुढे काय झालं?