तेलाचा थेंब आणि मॅकबीनची लघवी

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) आयुर्वेदाची आणि आधुनिक वैद्यकाची, दोन्ही महाविद्यालये संलग्न आहेत. मूत्रपरीक्षा दोन्हीकडे शिकवली जाते. एक विद्यार्थी अष्टविध परीक्षेत तिचे नाव घेतो, दुसरा बेन्स जोन्स प्रथिनावर टीप लिहितो. अशा शेजारामुळे एक लाडके विधान कानी येते: लघवीवरून कर्करोग ओळखणे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते. हे विधान दोन्ही परंपरांवर अन्याय करते, असे आम्हांस वाटते.

‘योगरत्नाकर’ हा सतराव्या शतकाच्या सुमाराचा, कर्ता अज्ञात असलेला ग्रंथ. पहाटेच्या लघवीची पहिली धार सोडून मधली घ्यावी आणि तीवर तेलाचा थेंब सोडावा, असे तो सांगतो. थेंब पसरला तर रोग साध्य, तसाच राहिला तर कष्टसाध्य, बुडाला तर असाध्य. (मधली धार घेण्याची सूचना आजच्या प्रयोगशाळेतही मिळते, पण सूचना जुळली म्हणजे शास्त्र जुळले असे नव्हे.) येथे विचारणा आहे ती रोग्याच्या भवितव्याची. लघवीत कोणते द्रव्य आहे, हा तिचा प्रश्नच नाही. अर्बुदाचे वर्णन सुश्रुतात आहे खरे. ‘कर्करोग’ हा शब्द मात्र ग्रीक खेकड्याचा मागून झालेला संस्कृत अवतार.

द्रव्याचा प्रश्न विचारला गेला तो लंडनमध्ये. थॉमस मॅकबीन हा पंचेचाळिशीचा किराणा व्यापारी हाडांच्या असह्य वेदनांनी ग्रासला होता. जळवा, लोह, क्विनीन, सारे करून झाले होते. पायांवरची सूज पाहून डॉ. विल्यम मॅकिंटायर यांनी त्याची लघवी तापवून पाहिली. ती गढुळली, नायट्रिक आम्ल घालताच स्वच्छ झाली, निवल्यावर घट्ट बसली आणि पुन्हा ऊब देताच पातळ झाली. नेहमीचे अल्ब्युमिन असे वागत नाही. १ नोव्हेंबर १८४५ रोजी डॉ. थॉमस वॉटसन यांनी नमुना रसायनज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवला. सोबतच्या चिठ्ठीचा शेवट एवढाच होता: हे काय आहे?

बेन्स जोन्स यांनी हिशेब केला. रोगी दिवसाला सुमारे ६७ ग्रॅम प्रथिन लघवीवाटे गमावत होता. १ जानेवारी १८४६ रोजी मॅकबीन वारला. शवविच्छेदनात हाडे मऊ आणि ठिसूळ आढळली. असा हाडांचा रोग पुन्हा भेटला तर लघवीत हेच द्रव्य शोधावे, असे बेन्स जोन्स यांनी लिहून ठेवले. आमच्या मते या प्रकरणाचे खरे मोल या वाक्यात आहे: एका रोग्याची नोंद येथे पुढच्या रोग्यासाठी कसोटी झाली. न्यायाचे म्हणाल, तर लघवी प्रथम तापवणाऱ्या मॅकिंटायर यांचा वृत्तांत १८५० साली आला, तोवर प्रथिनाला दुसऱ्याचे नाव चिकटण्याची वाट मोकळी झाली होती. व्यापारी तर विस्मरणातच गेला.

‘मल्टिपल मायलोमा’ हे रोगनाम १८७३ सालचे. द्रव्याची ओळख पटायला १९६२ उजाडले. एडलमन आणि गॅली यांनी दाखवले की, अस्थिमज्जेतील बिघडलेल्या पेशी प्रतिपिंडांच्या ज्या हलक्या साखळ्या बेसुमार बनवतात, त्याच मूत्रपिंडातून गळून लघवीत उतरतात. वॉटसन यांच्या चिठ्ठीला उत्तर मिळाले ते असे, ११७ वर्षांनी.

आज उपचारांचा मागही याच प्रथिनावरून काढतात. २४ तासांची लघवी साठवून विद्युत्संचरणाने त्याचे प्रमाण मोजतात. ते ९० टक्क्यांनी घटणे किंवा २०० मिलिग्रॅमखाली येणे हा आंशिक प्रतिसादाच्या निकषांपैकी एक. मात्र ही कसोटी मायलोमा आणि त्याच्या जवळच्या काही रोगांपुरतीच. सरसकट कर्करोगाची नव्हे. शिवाय दवाखान्यातील नेहमीची कागदी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते आणि हलक्या साखळ्या तिच्या नजरेतून बहुधा निसटतात. त्यांची तपासणी वैद्याला वेगळी सांगावी लागते.