मॉक्सा उपचारातील परिणामभिन्नता

मॉक्सा उपचार (चिनी नाव : जिउ) ही पारंपरिक चिनी वैद्यकातील उष्णोपचाराची प्रमुख पद्धत आहे. तीत आर्टेमिसिया प्रजातीतील वनस्पतीची वाळवून कुटलेली पाने जाळून शरीरावरील ठरावीक बिंदूंना उष्णता दिली जाते. एकाच तक्रारीसाठी, एकाच बिंदूवर उपचार घेऊनही एका रुग्णास आराम पडतो, दुसऱ्यास काहीच फरक जाणवत नाही, तर तिसऱ्याची त्वचा भाजते. या भिन्नतेमागे एकच कारण नसून उष्णतेची प्रत्यक्ष मात्रा, रुग्णाची शरीरस्थिती, आजाराचा स्वाभाविक क्रम आणि परिणाम मोजण्याची रीत अशी अनेक कारणे असतात.

पार्श्वभूमी

चिनी भाषेत सूचिचिकित्सा व मॉक्सा उपचार या दोहोंना मिळून 'झेनजिउ' म्हणतात. त्यातील 'झेन' म्हणजे सुई आणि 'जिउ' म्हणजे वनस्पती जाळून दिलेली उष्णता. 'मॉक्सा' हा शब्द जपानी भाषेतील 'मोगुसा' या वनस्पतीवाचक शब्दावरून युरोपीय भाषांत आला. हुनान प्रांतातील चांगशा शहरातील मावांगद्वी येथे इ. स. पू. १६८ मधील एका थडग्याचे १९७३ मध्ये उत्खनन झाले. त्यात सापडलेल्या रेशमी हस्तलिखितांत शरीरातील अकरा वाहिन्या व त्यांवरील मॉक्सा उपचार यांचे वर्णन आहे. सुईचा उल्लेख मात्र त्या वर्णनात नाही. १८२२ मध्ये चीनच्या दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सूचिचिकित्सा व मॉक्सा हे दोन्ही उपचार वगळले. २०१० मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत झेनजिउचा समावेश केला.

चीनमध्ये मुख्यत्वे आर्टेमिसिया आर्ग्याय ही जाती वापरतात. महाराष्ट्रात परिचित असलेला दवणा याच प्रजातीतील, पण वेगळ्या जातीचा आहे. सुश्रुतसंहितेत वर्णिलेले अग्निकर्म हाही दाहोपचारच असला, तरी त्याची साधने व उपपत्ती निराळी आहे.

पारंपरिक उपपत्ती

पारंपरिक चिनी वैद्यकाने ही भिन्नता गृहीतच धरलेली आहे. या वैद्यकानुसार उपचार आजाराच्या नावावरून ठरत नाही, तर रुग्णाच्या प्रकृतीतील यिन व यांग, शीत व उष्ण, क्षीणता व आधिक्य यांच्या तोलावरून ठरतो. मॉक्सा शीत व क्षीण अवस्थेस हितकर मानला जातो. ज्वर किंवा शरीरातील उष्णता वाढलेली असता तो सामान्यतः टाळला जातो. त्यामुळे गुडघेदुखीच्या दोन रुग्णांपैकी एकास मॉक्सा सुचवला जाणे आणि दुसऱ्यास नाकारला जाणे या चौकटीत विसंगत ठरत नाही.

च्यांगशी प्रांतातील वैद्य चेन रिशिन यांनी 'उष्णसंवेदी मॉक्सा' ही उपपद्धती विकसित केली. काही रुग्णांत विशिष्ट बिंदूंवर उष्णता खोलवर शिरल्याची किंवा दूरवर पसरल्याची जाणीव होते; असे बिंदू शोधून तेथेच उपचार केल्यास लाभ अधिक होतो, असे तिचे प्रतिपादन आहे. ही जाणीव रुग्णाने स्वतः सांगावयाची असल्याने तिचे वस्तुनिष्ठ मापन कठीण आहे.

उष्णतेची मात्रा

औषधाच्या गोळीत द्रव्याचे प्रमाण निश्चित असते. मॉक्सात तसे नसते. पानांच्या भुकटीतून देठ व शिरांचा भाग किती काढून टाकला आहे, ती किती जुनी व कोरडी आहे आणि किती घट्ट वळली आहे, यांवर ज्वलनाचा वेग व तापमान अवलंबून असते. चीनमध्ये हूपे प्रांतातील छीचुन येथील पाला विशेष नावाजलेला आहे.

उपचाराची रीतही सारखी नसते. प्रत्यक्ष पद्धतीत लहान शंकू त्वचेवरच जाळतात. काही प्रकारांत त्यामुळे मुद्दाम फोड व व्रण उठवला जातो. अप्रत्यक्ष पद्धतीत शंकू व त्वचा यांमध्ये आल्याची किंवा लसणाची चकती अथवा मीठ ठेवतात. कांडी वापरताना ती साधारणतः २ ते ३ सें. मी. अंतरावर, त्वचा लालसर होईपर्यंत धरली जाते. हात थोडा पुढेमागे झाला तरी त्वचेस मिळणारी उष्णता बदलते. त्वचेचे तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की उष्णतेची जाणीव वेदनेत बदलू लागते. पुढे तापमान व काळ यांचे गणित झपाट्याने पालटते : ४४ अंशांवर त्वचा भाजण्यास काही तास लागतात, तर ६० अंशांवर काही सेकंद पुरतात. म्हणून 'पंधरा मिनिटे मॉक्सा' एवढ्या नोंदीवरून दोन रुग्णांना सारखाच उपचार मिळाला असे म्हणता येत नाही.

रुग्णाची शरीरस्थिती

त्वचेची जाडी, तिच्याखालील मेदाचा थर आणि रक्तप्रवाह यांवर उष्णता किती खोल जाईल हे ठरते. मेद उष्णतेचा मंदवाहक आहे, तर वाहते रक्त उष्णता दूर नेते. वृद्धांची त्वचा पातळ असल्याने ती लवकर भाजते. मधुमेहामुळे पायांच्या मज्जातंतूंस इजा झालेल्या रुग्णास चटका उशिरा जाणवतो किंवा जाणवतच नाही. 'सोसेल तेवढा शेक' हा नियम त्याच्या बाबतीत घातक ठरू शकतो.

आजाराचा स्वाभाविक क्रम व अपेक्षा

सांधेदुखी, पाठदुखी, मासिक पाळीतील वेदना यांसारख्या तक्रारी कमीजास्त होत राहतात. रुग्ण बहुधा त्रास शिगेला पोहोचला असता उपचारास येतो. त्यानंतर काही प्रमाणात उतार पडणे उपचाराविनाही संभवते. शिवाय वैद्याचा सहवास, धुराचा वास, उबेचे सुख आणि बरे वाटेल ही अपेक्षा यांनीही वेदना कमी जाणवते. चाचण्यांत हा भाग वेगळा काढणे अवघड असते, कारण ऊब व वास रुग्णास कळतात आणि हुबेहूब आभासी उपचार सहजासहजी रचता येत नाही.

उदाहरण : पायाळू गर्भ

या सर्व कारणांचा एकत्र प्रत्यय पायाळू गर्भावरील चाचण्यांत येतो. गर्भाचे डोके खाली वळावे म्हणून पायाच्या करंगळीच्या नखालगतच्या 'झियिन' बिंदूजवळ कांडी धरण्याची प्रथा आहे. १९९८ मध्ये कार्दिनी व वेइशिन यांनी चीनमधील २६० प्रथमगर्भा स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत ३३व्या आठवड्यात उपचार सुरू झाले. ३५व्या आठवड्यात उपचार घेतलेल्या १३० पैकी ९८ जणींचे, तर न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींचे गर्भ वळलेले आढळले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत अनेकींनी उपचार मध्येच सोडला व चाचणी १२३ स्त्रियांवरच थांबवावी लागली. दोन्ही गटांतील प्रमाण अनुक्रमे ३४ व ३६ टक्के होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हातील चाचणीत २१२ स्त्रिया होत्या. उपचार ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू झाले व प्रमाण १८ आणि १६ टक्के आढळले. याउलट, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत ते ५८ टक्के, तर आभासी उपचाराच्या गटात ४३ टक्के होते.

गर्भ स्वतःहून वळण्याची शक्यता दिवस भरत जातात तशी घटते. त्यामुळे उपचार कोणत्या आठवड्यात सुरू झाला व तो नियमाने पार पडला की नाही, यांमुळे निष्कर्ष बदलू शकतात. चिनी चाचणीतील तुलना पाहता, यश आलेल्या ९८ जणींपैकी सुमारे ६२ जणींचे गर्भ उपचाराविनाही वळले असते. त्या ६२ नेमक्या कोणत्या, हे मात्र त्या स्त्रियांना किंवा त्यांच्या वैद्यांनाही सांगता येणार नाही. एखाद्या रुग्णाचा अनुभव खरा असूनही तो उपचाराच्या परिणामाचा पुरावा का ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

सुरक्षितता

भाजणे, फोड, जंतुसंसर्ग व वनस्पतीची ॲलर्जी हे या उपचाराचे ज्ञात धोके आहेत. धुरात कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण असल्याने दम्याच्या रुग्णांस त्रास होऊ शकतो. बधिर त्वचा, जखमा व चेहरा यांवर प्रत्यक्ष मॉक्सा टाळला जातो. गर्भवतीने तो प्रसूतितज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा. गर्भ न वळल्यास तो पोटावरून हाताने वळवणे किंवा शस्त्रक्रियेने प्रसूती करणे हे निर्णय वेळेवर घ्यावे लागतात. मॉक्साचा गुण येण्याची वाट पाहण्यात ती वेळ निघून जाणे, हा धोका भाजण्याहून गंभीर आहे.